कोरड्या सभागृहात बुडालेले गाव

आमच्या २२ मिनिटांच्या लघुपटाच्या पटकथेत साडेतीन ओळींचे एक दृश्य होते. नऊ वर्षांची मुलगी तळ्याच्या पोटात बुडालेल्या गावात उतरते, आपल्या आजीच्या घराचे दार शोधते आणि तिच्या जन्माआधीच गेलेली आजी तिला त्या दारात उभी दिसते. लिहिताना मला हे दृश्य चित्रपटाचा प्राण वाटले होते. निर्मितीच्या पहिल्या बैठकीत मात्र त्याच्यासमोरचा खर्चाचा रकाना कोराच राहिला, कारण तिथे कोणता आकडा लिहावा हे कोणालाच सुचेना. ते दृश्य अखेर पुरे झाले. त्याला ११ आठवडे लागले आणि पडद्यावर ते २ मिनिटे १० सेकंद चालते. मधल्या काळात चाचपडत जे शिकावे लागले ते घडले त्या क्रमाने लिहून ठेवते आहे. सुरुवातीला असे काही वाचायला मिळाले असते, तर आमचे निदान तीन आठवडे वाचले असते.

पहिला आठवडा चौकशीत गेला. खऱ्या पाण्यात चित्रण करायचे तर खोल टाकी, कॅमेऱ्याचे जलरोधक आवरण, प्रशिक्षित पाणबुडे आणि विमा एवढे सगळे लागते, शिवाय मुलीला पोहता यायला हवे. आमच्या छोट्या अभिनेत्रीला पोहता येत नव्हते आणि तिच्या आईने ते पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितले, त्यामुळे तो मार्ग तिथेच संपला. दुसरा मार्ग संगणकाचा होता. एका व्हीएफएक्स स्टुडिओने आमचे १४ शॉट पाहून जो अंदाज दिला, तो आमच्या संपूर्ण चित्रपटाच्या अंदाजपत्रकाच्या सव्वापट होता. कामाची यादी पाहता तो आकडा मला अवाजवी वाटला नाही, पण आमच्या आवाक्यात तो नव्हता. या दृश्यासाठी आम्ही फार तर एकूण रकमेचा आठवा हिस्सा बाजूला काढू शकत होतो.

त्या रात्री आमचा छायालेखक म्हणाला, "पाण्याखाली गेल्यावर पाणी कधी दिसतं का? पाण्यामुळे बाकीच्या गोष्टी कशा दिसतात, तेवढंच दिसतं." मग आम्ही कागद घेतला आणि पाणी दृश्यावर काय काय परिणाम करते ते लिहीत गेलो. लांबच्या वस्तू धूसर होत जातात. प्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषला जातो, म्हणून खाली सगळे निळसर-हिरवे दिसते. शरीराच्या हालचाली मंदावतात, केस आणि कापड तरंगतात, वरून येणारा प्रकाश भिंतींवर जाळीसारखा हलत राहतो, आणि आवाजाची धार जाते. यांतला प्रत्येक परिणाम कोरड्या जागेत उभा करता येतो. चित्रपटाच्या धंद्यात या पद्धतीला 'ड्राय फॉर वेट' म्हणतात आणि ती जुनी आहे. पाणी टाळायचे हे असे ठरले. गाव आणि आजी हे दोन प्रश्न तरीही उरले.

दुसरा आणि तिसरा आठवडा आम्ही घरातल्या टेबलावर घालवला, आणि या दोन आठवड्यांनी सर्वांत जास्त पैसे वाचवले असे आता वाटते. काचेवर चित्र रंगवून इमारतींचा न बांधलेला भाग पुरा करण्याची युक्ती अमेरिकी चित्रपटकार नॉर्मन डॉन यांनी १९०७ पासून चित्रपटांत वापरली होती. ती आम्ही एक दिवस करून पाहिली, पण आमच्यापैकी कोणाच्या हाताला तेवढी चित्रकला नव्हती. मग आम्ही फोर्स्ड पर्स्पेक्टिव्हकडे वळलो, म्हणजे कॅमेऱ्याजवळ खऱ्या मापाची वस्तू आणि मागे क्रमाने लहान होत जाणारी घरे. पुठ्ठ्याची घरे करून जमिनीवर ओळीने ठेवली आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर ती खेळण्यातलीच दिसत होती. अंतरे बदलली, लेन्स बदलली, प्रकाश बदलला, तरी फरक पडेना. चौथ्या दिवशी कला विभाग सांभाळणाऱ्या मैत्रिणीने कंटाळून एक घर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवले आणि तेच एक घर एकाएकी दूर गेले.

कारण नंतर हिशेबाने कळले. माणूस उभा राहून पाहतो तेव्हा लांबची जमीन नजरेच्या पातळीकडे चढत जाते. म्हणून घर जितक्या पटीने लहान केले, तितक्याच पटीने त्याच्याखालची जमीन लेन्सच्या पातळीजवळ आणावी लागते. आमची लेन्स मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे १.२ मीटरवर होती. एक-चतुर्थांश मापाच्या घरांची जमीन लेन्सच्या ३० सेंटिमीटर खाली यायला हवी होती, एक-अष्टमांश मापाच्या घरांची १५ सेंटिमीटर खाली आणि एक-षोडशांश मापाच्या घरांची साडेसात सेंटिमीटर खाली. अंतराचेही गणित असेच सरळ आहे: एक-चतुर्थांश मापाचे घर कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर ठेवले, तर ते २० मीटरवरच्या खऱ्या घरासारखे दिसते, एक-षोडशांश मापाचे ७ मीटरवर ठेवले, तर ११२ मीटरवरच्यासारखे. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी घरे बनवण्याआधी या उंचीच्या मंचांचा हिशेब करावा, कारण आम्ही उलट क्रमाने गेलो आणि पहिली अकरा घरे मापात न बसल्याने टाकून द्यावी लागली.

याच काळात परवानगीची प्रक्रिया सुरू केली. आम्हाला १४ मीटर लांब, ९ मीटर रुंद असे वापरात नसलेले सभागृह मिळण्यासारखे होते. मालक असलेल्या संस्थेचा छापील अर्ज होता आणि त्यात 'चित्रीकरणाचे स्वरूप' असा रकाना होता. मी तिथे प्रामाणिकपणे 'पाण्याखालील गावाचे दृश्य' असे लिहिले. आठ दिवस काहीच उत्तर आले नाही. नवव्या दिवशी चौकशीला गेले तेव्हा समजले, की लाकडी फरशीच्या सभागृहात पाणी भरण्यास परवानगी देता येत नाही असा शेरा मारून अर्ज बाजूला ठेवला आहे. दुसरा अर्ज केला, तो पाण्यातला धूसरपणा आणण्यासाठी लागणाऱ्या धुराच्या कारणाने थांबला. तिसऱ्या अर्जात मी दृश्याची गोष्ट सांगणे सोडून दिले आणि त्या जागेत प्रत्यक्ष काय होणार एवढेच लिहिले: किती माणसे, किती तास, एकूण किती वॉटचे दिवे, कोणते यंत्र, त्यात कोणता द्रव, पाणी एकूण किती लिटर आणि कशात. आमचे पाणी दोन पसरट तबकांत मिळून सहा लिटर होते. हा अर्ज पाचव्या दिवशी मंजूर झाला. पहिल्या अर्जापासून परवानगी हातात येईपर्यंत २३ दिवस गेले.

धुराबाबत थोडे सविस्तर सांगते, कारण इथे अनेकांचे काम अडते. दाट लोट सोडणारे यंत्र वेगळे आणि हवेत पातळ, एकसारखा धूसरपणा पसरवणारे हेझ यंत्र वेगळे. पाण्याच्या परिणामासाठी दुसरे लागते. भाड्याने घेताना त्यातल्या द्रवाचे सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे, आम्हाला ते दोन ठिकाणी जोडावे लागले. सभागृहातली धूरसूचक यंत्रणा आपण हात लावून बंद करायची नाही. संस्थेच्या तंत्रज्ञाने फक्त तेवढा भाग ठरावीक वेळेपुरता वेगळा करायचा आणि त्या काळात एक माणूस अग्निशामक नळकांडे घेऊन दुसरे कोणतेही काम न करता उभा राहायचा, अशी अट होती. ती मला सुरुवातीला जाचक वाटली. पण लटकवलेल्या जाळीच्या कापडापासून दिवा किती जवळ आला आहे, हे दोनदा त्याच माणसाच्या लक्षात आले. मुलीच्या पालकांची लेखी संमती, तिच्या कामाच्या तासांची मर्यादा आणि दोन्ही कलाकारांना श्वसनाचा त्रास नसल्याची खात्री ही कागदपत्रे आम्ही आमच्याकडून जोडली. दर अर्ध्या तासाने बाहेर मोकळ्या हवेत जायचे, हेही त्यातच लिहून टाकले, म्हणजे चित्रीकरणाच्या घाईत ते कोणाला मोडता येणार नाही.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात गाव उभे राहिले. मोठ्या वस्तूंच्या खोक्यांचा पुठ्ठा बहुतेक फुकट मिळाला. पूर्ण मापात आम्ही फक्त एक दार, त्याच्या दोन्ही बाजूंची मिळून तीन मीटर भिंत आणि एक मीटरहून थोडा उंच बांध बनवला. हा बांध कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर होता आणि त्याच्या आड मागच्या सगळ्या मंचांच्या कडा लपत होत्या. मुलगी बांधाच्या अलीकडून चालणार होती, त्यामुळे लहान घरांजवळ ती कधीच येणार नव्हती. घरांच्या भिंतींवर लाकडाचा भुसा आणि गोंद यांचा थर दिला, वर मातकट हिरवा रंग कोरड्या ब्रशने ओढला. मागच्या रांगांमध्ये खिडक्यांच्या चौकटी रेखाटण्यातही आम्ही दोन रात्री घालवल्या, पण त्यातले पडद्यावर काहीच दिसत नाही. मागच्या दोन रांगांना छपराची रेषा आणि एखाद्या खिडकीचा काळा चौकोन एवढे पुरते.

रांगांमधले खरे अंतर जेमतेम एक मीटर असल्यामुळे हेझ कितीही सोडला तरी मागचे गाव पुरेसे पुसट होईना. म्हणून प्रत्येक रांगेच्या पुढे मच्छरदाणीच्या कापडाचा एकेक पडदा छतापासून खालपर्यंत ताणून लावला. सर्वांत मागची रांग तीन पडद्यांआडून दिसू लागली आणि खरोखर खोल पाण्यात असल्यासारखी विरघळली. कापडाला सुरकुती राहू द्यायची नाही आणि पडद्यावर समोरून प्रकाश पडू द्यायचा नाही, एवढीच काळजी घ्यायची. तो उजळला की त्याच्या मागचे सारे नाहीसे होते. एका लहान घराच्या दोरीवर मैत्रिणीने हौसेने चिंधीएवढे कपडे वाळत घातले होते. पंखा लागताच ते इतके भराभर फडफडले, की अख्खी रांग पुन्हा खेळण्यातली झाली. लहान प्रतिकृतीतली हालचाल खऱ्या मापाची वाटावी म्हणून कॅमेऱ्याचा वेग मापाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढवावा लागतो. एक-षोडशांश मापाला चौपट. तेवढा वेग आमच्याकडे नव्हता, म्हणून आम्ही मागच्या गावात हलणारी एकही वस्तू ठेवली नाही.

नवव्या आठवड्यात चित्रीकरण झाले: दोन पूर्ण दिवस आणि एक राखीव अर्धा दिवस. पहिला दिवस मुलीच्या चालण्याचा होता. २४ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ (म्हणजे लेन्सचे छिद्र बरेच लहान) आणि फोकस २.४ मीटरवर ठेवला, की आमच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यात साधारण १.२ मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट येते. जवळचा बांध आणि शेवटची रांग एकाच जगात दिसायला हे आवश्यक होते. पण एफ/२.८ या मोठ्या छिद्राच्या तुलनेत एफ/८ ला आठपट प्रकाश लागतो, आणि हालचाल मंद करण्यासाठी सेकंदाला नेहमीच्या २४ ऐवजी ४८ फ्रेम घेतल्या की आणखी दुप्पट. ही सोळापट भूक आम्ही कागदावर मोजली होती, तरी प्रत्यक्षात दिवे लावल्यावर मॉनिटरवर अंधार पाहून माझा धीर सुटला. दोन मोठे एलईडी दिवे दुपारी जादा मागवावे लागले आणि त्यांचे भाडे हा त्या दिवसाचा सर्वांत मोठा अनपेक्षित खर्च ठरला. दिव्यांची रक्कम वाचवून पुठ्ठ्यावर खर्च करू नये, एवढे मी आता ठामपणे सांगेन.

पाण्याच्या प्रकाशाची जाळी मात्र जवळजवळ फुकटात झाली. पसरट तबकात तीन सेंटिमीटर पाणी, तळाशी आरशाचे सहा-सात तुकडे, आणि त्यांवर तिरका पाडलेला एकच प्रखर, लहान तोंडाचा दिवा. पसरट, मऊ प्रकाशाने ही जाळी उमटत नाही. पाण्याला एका बोटाने कडेला हळूच स्पर्श केला की समोरच्या भिंतीवर लाट चढत जाते. बोट उचलल्यावर ती विरायला लागणारा वेळ मोजून आमचा सहायक पुढचा स्पर्श करत असे. तासाभरात त्याचा हात इतका बसला, की मुलगी थांबली की लाटही मंदावत असे. आरशाच्या कडा चिकटपट्टीने झाकाव्यात, आणि पाण्याजवळचा दिवा बॅटरीवर चालणारा घ्यावा. ओल्या हातांच्या आसपास विजेची वायर नको.

हेझ सोडल्यावर पंखे बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते, तेव्हा तो सगळीकडे सारखा बसतो. हा वेळ आम्ही वेळापत्रकात धरला नव्हता. दर वेळी दार उघडले की पुन्हा तेवढेच थांबणे आले, आणि अर्ध्या तासाची विश्रांती तर अटीतच होती. दिवसभरात आठ शॉट ठरले होते, पाच झाले. एका शॉटआधी मुलीने मला विचारले, "ताई, मी पाण्यात आहे, तर श्वास घ्यायचा की नाही?" इतक्या दिवसांत हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच पडला नव्हता. मी तिला म्हटले, "घे, पण झोपलेल्या माणसासारखा घे." पुढच्या टेकमध्ये तिचे खांदे असे सावकाश वर-खाली होत होते, की तिला पाण्याची भीती नाही, ती तिथलीच आहे, हे न सांगता कळत होते. तिचे केस उडवण्यासाठी खालून लावलेल्या छोट्या पंख्यापेक्षा आणि ४८ फ्रेमपेक्षाही त्या श्वासाने जास्त काम केले, असे माझे मत आहे.

दुसरा दिवस आजींचा होता. आजी दारात पारदर्शक दिसाव्यात आणि त्या मुलीसोबत एकाच शॉटमध्ये, कॅमेऱ्यातच उमटाव्यात, असा माझा हट्ट होता. त्यासाठी आम्ही रंगभूमीवरची जुनी युक्ती घेतली. विज्ञानाचे व्याख्याते जॉन हेन्री पेपर यांनी १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये, अभियंता हेन्री डर्क्स यांच्या कल्पनेत सुधारणा करून, काचेतल्या प्रतिबिंबाने भूत दाखवले होते. तेव्हापासून तिला पेपरचे भूत म्हणतात. कॅमेऱ्यासमोर ४५ अंशांत एक काच उभी करायची. काचेतून समोरचे दार दिसते, आणि बाजूला अंधारात उभ्या असलेल्या व्यक्तीचे प्रतिबिंब त्याच दारात पडते. काच कॅमेऱ्याच्या जितकी जवळ तितकी लहान पुरते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला अर्ध्या मीटरवर आम्हाला ९० बाय ६० सेंटिमीटरची काच भरपूर झाली. आधी सुरक्षित म्हणून ॲक्रिलिकचा पत्रा आणला होता, पण तो किंचित वाकत असल्यामुळे चेहरा ताणला जात होता. काच घेतली तर कडा घासून घ्याव्यात, भक्कम चौकटीत बसवावी आणि तिच्याजवळ एका माणसाला कायम उभे करावे.

काचेपासून दार जितके मागे, तितकेच आजींना काचेपासून बाजूला उभे करावे लागते, तरच प्रतिबिंब बरोबर दारात बसते. आमच्याकडे ते अंतर तीन मीटर होते. प्रतिबिंब उलटे असते, म्हणून उजवा हात पुढे यायला हवा असेल तर डावा करायला सांगावा लागतो. त्यांच्या मागे, खाली आणि काचेत दिसणाऱ्या प्रत्येक जागी काळे कापड हवे. त्या बाजूला काम करणाऱ्या सगळ्यांनी काळे कपडे घातले होते. या मांडणीचा एक फायदा आम्हाला अगदी सुरुवातीपासून हवा होता. पाण्यातल्या गावात सगळे दिवे निळे-हिरवे होते, पण आजी त्या प्रकाशाच्या बाहेर, स्वतःच्या पांढऱ्या दिव्यात उभ्या होत्या, त्यामुळे त्यांची लाल शाल लालच राहणार होती. एवढ्या पाण्याखाली जो रंग टिकूच शकत नाही तो तिथे जळत राहावा, यासाठीच मी हे दृश्य लिहिले होते.

सकाळी साडेनऊला सगळे मांडून झाले आणि आजी दिसेनात. साधी काच या कोनात सुमारे दहावा भागच प्रकाश परत पाठवते, म्हणून आजींवरचा दिवा वाढवला. दुसरा दिवा लावला. दाराकडचा प्रकाश कमी केला. काच दोनदा पुसली, कोन पुन्हा मोजला. मॉनिटरवर दारात फक्त धुरकट छटा होती. ज्येष्ठ अभिनेत्री चाळीस मिनिटे प्रखर प्रकाशात एका जागी उभ्या होत्या आणि मी त्यांची माफी मागायला गेले तेव्हा मला रडू फुटले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी उभी आहे ना, मग दिसेनच. तुम्ही बघा सावकाश."

दोष लेन्सवर होता. दोन दिवसांपूर्वी तळ्याच्या काठावर चित्रण करताना पाण्यावरची चकाकी घालवण्यासाठी लावलेला पोलरायझर फिल्टर तसाच राहिला होता, आणि लेन्स हाताळताना त्याचे कडे फिरले होते. काचेवरून तिरका परतणारा प्रकाश बऱ्याच अंशी एकाच दिशेने ध्रुवित असतो, आणि फिल्टर नेमक्या त्या दिशेला आडवा आला की प्रतिबिंब गिळून टाकतो. छायालेखकाने फिल्टर काढण्यासाठी कडे फिरवायला सुरुवात केली आणि मॉनिटरकडे पाहत तो थांबला. कडे पाव फेरा फिरले, तशा आजी दारात हळूहळू उमटल्या. उलट फिरवले, तशा विरल्या. मागचे दार, गाव, भिंतीवरची जाळी यांच्यात काही फरक पडला नाही. आजींचे प्रकट होणे संकलनात करायचे ठरले होते. ते आम्ही तिथल्या तिथे बदलले. फिल्टर ठेवला, छिद्र थोडे उघडले, आणि एका माणसाला दोन बोटांनी कडे फिरवण्याचे काम दिले. आठ सेकंदांत पाव फेरा. प्रतिबिंब फिल्टरने पूर्ण नाहीसे होत नाही, राहिलेली पुसट छटा घालवण्यासाठी सुरुवातीला आजींवरचा दिवा अगदी मंद ठेवून तो त्याच वेळी चढवत नेला. सहावा टेक घेतला, आणि चित्रपटात तोच आहे.

मुलीला मात्र त्या शॉटमध्ये समोर रिकामे दारच दिसत होते. कुठे पाहायचे हे कळावे म्हणून दारामागच्या अंधारात, आजींच्या डोळ्यांच्या उंचीवर आम्ही चिकटपट्टीचा तुकडा लावला होता. चित्रण संपल्यावर तिला स्टुलावर उभी करून कॅमेऱ्याच्या जागेवरून काचेत पाहायला सांगितले. आजींनी हात हलवला. ती आधी दाराकडे, मग बाजूला उभ्या असलेल्या आजींकडे आणि पुन्हा दाराकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "फक्त इथूनच दिसतात."

राखीव अर्ध्या दिवसात पहिल्या दिवशीचे राहिलेले तीन शॉट झाले. पाण्यात तरंगणारे कण आम्ही वेगळे चित्रित केले: काचेच्या टाकीत पाणी, मागे काळे कापड, बाजूने प्रकाश आणि ड्रॉपरने सोडलेले दुधाचे दोन-तीन थेंब. काळ्या पार्श्वभूमीमुळे संकलनात ते 'स्क्रीन' मोडमध्ये, म्हणजे काळा भाग गाळून फक्त उजळ भाग मिसळणाऱ्या पद्धतीने, मूळ दृश्यावर सहज बसले. या एका थराखेरीज आणि रंगसंस्काराखेरीज संगणकावर काही केलेले नाही.

दहाव्या आणि अकराव्या आठवड्यात संकलन आणि ध्वनी झाला. हेझ यंत्राच्या आवाजामुळे जागेवरचा ध्वनी निरुपयोगी होता आणि ते आम्ही आधीच धरले होते. सगळे आवाज नव्याने केले, उंच स्वरांचा भाग कापला, आणि मुलीचा श्वास तिला रिकाम्या बादलीत तोंड धरायला लावून वेगळा मुद्रित केला. आजी उमटतात तिथे मी संगीत ठेवले होते, ते शेवटच्या मिश्रणात काढून टाकले. तिथे आता नुसता तो श्वास आहे आणि एका क्षणी तो थांबतो.

खर्च ठरवलेल्या आठव्या हिश्श्याऐवजी सातव्या हिश्श्याच्या थोडा वर गेला. त्यातला निम्म्याहून जास्त दिवे आणि जागा यांवर, साधारण पाचवा भाग हेझ यंत्र व कॅमेऱ्याच्या जोडसाहित्यावर, आणि गाव, दार, काच, कापड, रंग या सगळ्यांवर मिळून जेमतेम सहावा भाग. उरलेला प्रवास आणि जेवणावर. जागेची अनामत रक्कम परत मिळायला ३४ दिवस लागले. फरशीवर द्रवाचा चिकट थर राहिल्याचे कारण देऊन त्यातून सफाईचे पैसे कापण्यात येणार होते, पण जागा ताब्यात घेताना आणि परत देताना काढलेली तारीखवार छायाचित्रे जोडल्यावर पूर्ण रक्कम मिळाली. ती छायाचित्रे दोन्ही वेळा काढायला विसरू नका, आणि निघण्यापूर्वी फरशी कोमट पाण्याने पुसूनच निघा.

पूर्ण मापाचे दार एका नाट्यसंस्थेने नेले. मागच्या रांगेतली दोन घरे मुलीने मागून घेतली. बाकी गाव सपाट घड्या करून चार खोक्यांत भरले आहे, प्रत्येक खोक्यावर मापाचा आकडा आणि मंचाची उंची लिहिली आहे, आणि काच तिच्या चौकटीसह माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे.